अंबिकेची फ्लॉपी

सकाळी वर्ग उघडला की लीला भुजंग व्हायची.

दुसरा इलाज नव्हता. उद्धवच्या संगणक वर्गात हार्ड डिस्क असलेलं यंत्र एकच. ते सुरू केलं की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत, लिपी इंग्रजी आणि बोली मराठी: 'कोण आलंय?' लग्नानंतर पहिल्यांदा यंत्रापुढे बसल्यावर लीलाने हौसेने स्वतःचं नाव दिलं होतं. उत्तर आलं, 'ओळख पटली नाही. परत सांगा.' परत दिलं, परत तेच. मग तिने हजेरीतल्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव देऊन पाहिलं. यंत्र म्हणालं, 'भुजंग, आधी हात धुऊन ये,' आणि मुकाट्याने उघडलं. तेव्हापासून ती रोज भुजंग होऊन आत जाई आणि, का कोण जाणे, खरंच हात धुऊन बसे.

हे विचारणारी बाई हयात नव्हती.

अंबिका उद्धवची पहिली बायको. परभणीत संगणक म्हणजे काय हे लोकांना ठाऊक नव्हतं तेव्हा या दोघांनी घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग काढला. अंबिका शिकवायची, पोरांवर ओरडायची, आणि गंमत म्हणून तिने हा छोटासा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. ज्याला त्याला नावाने ओळखणारा, ज्याचं त्याला सुनावणारा. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात तिला झटके आले. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. वर्षभराने लीला या घरात आली. पूर्णेच्या रेल्वेतल्या व्यंकटरावांची मुलगी, बी.एस्सी. झालेली, औरंगाबादला संगणकाचा कोर्स केलेली. "अशी पोरगी बिजवराला मिळती का कुठं," असं सगळे म्हणाले.

आल्या दिवशी सासूने, धुरपताबाईंनी, तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाक घातला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती कोरलेली. नवं लुगडं आणलं की आधी त्याला लावायचं, मग अंगावर घ्यायचं. सणाचा घास आधी तिचा. लीलाचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण म्हातारीचं मन मोडवत नव्हतं. आता मात्र, मैथिली झाल्यापासून, तिला त्या टाकाची धास्ती वाटे. तीन महिन्यांची पोर पाजायला घेतली की बरोबर तोच मुठीत धरी आणि तोंडात घाली. लीला हळूच मूठ सोडवी. पोर पुन्हा धरी.

पण खरी धास्ती वेगळीच होती. उद्धवने मैथिलीला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

तो वाईट माणूस नव्हता. औषधं आणायचा, झोळीची दोरी स्वतः बांधली होती, रात्री पोर रडली की उठून बसायचा. पण घ्यायचा नाही. "हात खरबरीत हायेत माझे," म्हणायचा. सकाळी वर्ग उघडायच्या आधी मात्र एकटाच यंत्रापुढे जाऊन बसायचा. काहीतरी टाइप करायचा, वाचायचा आणि लीलाची चाहूल लागली की बंद करायचा. तिथून उठून आला की त्याची नजर झोळीवरून अशी घसरायची, जणू तिथं बघणं हा गुन्हा. लीलाने सगळं पाहिलं होतं. तिला कळत होतं ते एवढंच, की हा माणूस अर्धा त्या डब्यात राहतो, आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्या पोरीला जागा होते का नाही, ते त्या डब्यातल्या बाईच्या हाती आहे.

त्यात नवा अभ्यासक्रम आला. यंत्र चालवणारं जुनं डॉस आता पुरणार नव्हतं, परीक्षेला युनिक्स लागणार होतं. उद्धव महिनोन् महिने टाळत राहिला. शेवटी युनिक्सच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा औरंगाबादहून आला, तरी तो तसाच कपाटात.

"एकच डिस्क आहे आपल्याकडं," तो म्हणाला. "नवीन घालायचं तर जुनं पुसावं लागतं."

"पुसायचं, पण परत भरायचं," लीला म्हणाली. "सगळं आधी फ्लॉप्यांवर काढून घ्यायचं. डिस्क रिकामी करायची, मधे भिंत घालायची. एका बाजूला जुनं होतं तसं परत ओतायचं, दुसऱ्या बाजूला नवीन. यंत्र सुरू करताना विचारील, कुणाकडं जायचंय. सांगाल तिकडं नेईल."

धुरपताबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एका घरात दोन चुली? भांडणं होतेत बाई."

"भिंत असती ना आत्याबाई मधे."

"भिंतीला कान असतेत."

उद्धव हसला नाही. "कर," तो म्हणाला. "पण अंबिकेचं जाऊ देऊ नको. बाकीचं गेलं तरी चालंल."

बाकीचं गेलं तरी चालंल. लीला रात्रभर हे शब्द चघळत राहिली. अंबिकेचं गेलं तर हा माणूस आपल्यावर रागावणारसुद्धा नाही, हे तिला ठाऊक होतं. फक्त उरलेलं दारही लावून घेईल. आणि मनात म्हणेल, एकदा मेलेलीला सवतीने पुन्हा मारलं.

म्हणून तिने काळजी घेतली. वर्गाचं सगळं फ्लॉप्यांवर काढलं. अंबिकेचा प्रोग्रॅम वेगळा, एका नव्या कोऱ्या फ्लॉपीवर, आणि तिची दुसरी प्रतही. दोन्ही घालून बघितल्या, दोन्ही चालल्या. त्यांवर ठळक अक्षरांत नाव लिहिलं. संध्याकाळी धुरपताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"यातली अंबिकेची कोणची गं?"

लीलाने दाखवल्या. म्हातारीने पदराला हात पुसून त्यांवरून बोट फिरवलं, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

"आजची रात देवघरात ठिवू दे. घर बदलायलंय तिचं."

देवघरात उंदीर नाही, धूळ नाही. लीला म्हणाली, "ठेवा."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून शहरात बंद होता. वर्ग रिकामा. गिरण्या, जिनिंग, सगळं बंद, म्हणजे वीज टिकणार. उद्धव आदल्या दिवशीच बोरीला चुलतभावाच्या सोयरिकीला निघून गेला होता. "मी असलो की तुझा हात चालणार न्हाई," म्हणाला होता. खरं तर त्याला ते बघायचं नव्हतं.

रस्त्यावर माणूस नव्हतं. मधूनच पोलिसांची जीप जायची आणि मग पुन्हा अशी शांतता, की यंत्रातल्या पंख्याची घरघर शेजारी कुणी धाप टाकतंय तशी वाटे. लीलाने मैथिलीची झोळी वर्गातच आणून बांधली. दर थोड्या वेळाने उठून पोरीच्या नाकाशी बोट धरायचं, ऊन श्वास लागला की परत यायचं. भर दुपार झाली. तिने डिस्क पुसायची आज्ञा दिली. यंत्राने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. पडदा काळा झाला आणि खाली एक हिरवी रेघ लुकलुकत राहिली.

पाठीमागून कुणी वाकून बघतंय असं तिला वाटलं. वळून पाहिलं तर नुसतं दार.

तिने भिंत घातली. वर्गाचं सगळं आपल्या बाजूला परत आलं, एकही फ्लॉपी अडली नाही. मग देवघरातून अंबिकेच्या दोन्ही आणल्या. कागदी पाकिटाला हळदकुंकवाची बोटं लागलेली, एकदोन अक्षताही चिकटलेल्या. तिने अक्षता झटकल्या आणि पहिली फ्लॉपी यंत्रात सरकवली.

कर्र कर्र आवाज आला. दातात खडा यावा तसा. मग पडद्यावर ओळ: वाचता येत नाही. सोडून देऊ, पुन्हा बघू, की चुकलं म्हणू?

पुन्हा. कर्र. पुन्हा. कर्र.

तिने बाहेर काढून उजेडात धरली. फ्लॉपीच्या जाड आवरणाला एक लांबट खिडकी असते. आतली काळी चकती तिथं उघडी असते, तिथूनच यंत्र वाचतं. तिथं बोट लागू द्यायचं नसतं, हे वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात. त्या खिडकीत, बरोब्बर मधोमध, कुंकवाचं बोट होतं. ओलं लावलेलं, वाळून पापुद्रा झालेलं. आणि यंत्राने आता तेच कुंकू फिरवून फिरवून चकतीवर गोल रेघोट्या ओढल्या होत्या.

दुसरी तिने घातलीच नाही. आधी पाहिली. तिलाही होतं.

"आत्याबाई!"

धुरपताबाई आल्या. लीलाचा चेहरा बघून दारातच थांबल्या.

"याच्यावर कुंकू लावलं?"

"मंग? नव्या घरी निघाली. कोरड्या कपाळानं धाडू?"

"पाकिटातून बाहेर काढून लावलं?"

"पाकिटाला लावून काय? ती आत हाय ना."

"दोन्हीला?"

"एकीला लावावं आन दुसरीला सोडावं का?" म्हातारीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. मग हळूहळू तिचा चेहरा उतरला. "काय झालं गं?"

लीलाला ओरडायचं होतं. पण ओरडून काय सांगणार? की तुमच्या बोटाने ती गेली? ती भिंतीला टेकून खाली बसली. झोळीत मैथिली जागी होती. रडत नव्हती. झोळीच्या फटीतून एकटक कोपऱ्याकडे बघत होती, जिथं काहीच नव्हतं.

"असं करू नको गं," लीला पुटपुटली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

कोर्सच्या मास्तरांनी एकदा सांगितलं होतं ते तिला तेव्हा आठवलं. पहिली गेली, पण दुसरी अजून यंत्रात गेलेली नाही. कुंकू नुसतं वर बसलेलं आहे, रेघा पडलेल्या नाहीत. अक्षरं चकतीवर चुंबकाने बसलेली असतात, पाण्याने जात नाहीत. आवरण फाडायचं, चकती काढायची, धुवायची, वाळवायची आणि दुसऱ्या आवरणात घालायची.

तिने पोरीच्या अंघोळीचं पाणी घेतलं, कोमट, कोपर बुडवून पाहिलेलं. वस्तऱ्याच्या पात्याने आवरणाची कड कापली. काळी चकती बाहेर आली. पातळ, तकतकीत, इतकी हलकी की पंख्याने उडाली असती. तिने मधल्या भोकात बोट घालून ती पाण्यात सोडली आणि पोरीच्या साबणाचा फेस तळहातावर घेऊन फिरवू लागली. पाणी गुलाबी झालं.

धुरपताबाई शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांचा आवाज बदलला होता.

"अशीच अंघोळ घातली होती तिला. शेवटली. मीच घातली. पोट तसंच होतं गं, वर आलेलं. बायका म्हणायल्या, म्हातारे, तू हो बाजूला. मी म्हनलं, मी नाय घालनार तर कोण घालनार?" त्या थांबल्या. "हळू फिरव. चोळू नको."

"नाही चोळत."

"डोळ्यात जाईल."

लीलाचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. पाणी दोनदा बदललं. मैथिलीच्या मलमलच्या दुपट्यावर चकती ठेवून दोघींनी दोन्हीकडून टिपली. एक कोरी फ्लॉपी फाडून तिचं आवरण घेतलं, त्यात ही सरकवली. यंत्राच्या तोंडात कापसाच्या बोळ्याने स्पिरिट फिरवलं.

घालताना लीलाने डोळे मिटले.

यंत्र अडखळलं, पुन्हा चाललं, पुन्हा अडखळलं. शेवटी म्हणालं, झालं.

पडद्यावर आलं: 'कोण आलंय?'

धुरपताबाईंनी हात जोडले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लीलाचा सुटलेला श्वास त्यांना कळला. त्या चहा टाकायला आत गेल्या.

लीलाने भुजंगचं नाव दिलं. 'भुजंग, आधी हात धुऊन ये.' तिला हसू आलं, हातांना अजून साबणाचा वास होता. हजेरीतल्या तात्यारावचं दिलं, 'तात्याराव, उशीर!' बरोबर. सगळं बरोबर. आता राहिलं होतं ते नकाराचं उत्तर. ज्याची ओळख नाही त्याला दार लागतं की नाही, तेही बघायला हवं. तिने आपलं नाव दिलं.

पडद्यावर आलं:

'जेवण झाकून ठेवलंय. बाळ आज लय हालायलंय.'

लीला उठली तशी खुर्ची मागे आपटली. तिने झोळीकडे धाव घेतली. पोर निश्चल पडली होती, डोळे मिटलेले. तिने नाकाशी बोट धरलं. काही लागेना. गाल दाबला. मैथिलीने तोंड वाकडं केलं आणि करवादली. लीलाने तिला छातीशी धरलं आणि तशीच उभी राहिली. दुपारच्या उजेडात पडद्यावरची ती ओळ हलत नव्हती.

ती बी.एस्सी. झालेली होती. पोरीला खांद्यावर घेऊन ती परत बसली आणि एका हाताने प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर काढल्या. भूत नव्हतं. कुंकवाच्या डागाखालची एक ओळ गेली होती, तीच, 'ओळख पटली नाही' म्हणणारी. अडवणारं कुणी राहिलं नाही म्हणून यंत्र घसरून पुढच्या ओळीवर जात होतं, आणि ती पुढची ओळ फक्त एकाच माणसासाठी होती. त्याचं नाव नव्हतं तिथं. बाई नवऱ्याचं नाव कशाला लिहील? नुसतं 'अहो'. तेवढं लिहिलं की हे उत्तर.

म्हणजे रोज सकाळी तो येतो, 'अहो' लिहितो, आणि ती त्याला सांगते, बाळ हलतंय. सातव्यात किंवा आठव्याच्या सुरुवातीला लिहिलेलं. नंतर बदलायला ती राहिलीच नाही. तीन वर्षं ते बाळ हलतंय. जन्मत नाही, मोठं होत नाही, मरत नाही.

आणि मग तो उठून येतो, आणि झोळीत दुसरं बाळ असतं.

आतून चहाची हाक आली. तिने त्या ओळीची जागा तशीच रिकामी सोडली असती तर दार सगळ्यांना उघडं राहिलं असतं, वर्गातल्या पोरांनासुद्धा. कुणीही चुकीचं नाव द्यावं आणि ते वाचावं. तिने ती गेलेली ओळ पुन्हा लिहिली, आपल्या हाताने, शब्द न् शब्द: ओळख पटली नाही. परत सांगा. मग आपलं नाव देऊन पाहिलं. दार लागलं. तिला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग भिंतीपलीकडे युनिक्स घालायला घेतलं. एकामागून एक फ्लॉपी यंत्राने विनातक्रार गिळली.

उद्धव दिवेलागणीला आला, ओळखीच्या दिनकररावांच्या फटफटीवर, आडवाटेने. अंगभर धूळ. चपला काढायच्या आतच धुरपताबाई म्हणाल्या, "मी नासवलं होतं रे बाबा. कुंकू लावलं मी."

"काय?"

"नासलं नाही," लीला म्हणाली. "धुतलं. आहे. यंत्र विचारतं आता, नवं का जुनं. जुनं सांगा."

तो धुळीच्या पायांनीच बसला. लीला नेहमीसारखी आत जायला वळली, पण उंबऱ्यावर थांबली. त्याने काहीतरी टाइप केलं. तीनच कळा वाजल्या. त्याची पाठ सैल पडली.

"सगळं आलं?" त्याने न वळता विचारलं.

"एक ओळ गेली होती. मी लिहिली."

"कोणची?"

"ओळख पटली नाही, ती."

प्रोग्रॅम त्यालाही पाठ होता. ती ओळ नसली तर काय होतं हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे खालची दिसली तुला."

"दिसली."

धुरपताबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या.

"पुसायला हात होत न्हाई," उद्धव म्हणाला. "रोज वाटतं आज वाचायचं न्हाई. न वाचलं तर ते हलायचं थांबंल असं वाटतं. येड्यावानी." त्याने तोंडावरून हात फिरवला, धुळीचे ओघळ झाले. "आन हिला घ्यावं वाटतं गं. पण घेतलं आन त्याला कळलं तर? ते कुठं जाईल?"

हे औरंगाबादच्या कोर्सात नव्हतं आणि बी.एस्सी.तही नव्हतं. 'पुसा' म्हणावं असं लीलाच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. तिने झोळीत हात घातला. पोर झोपेने जड झालेली, मानेखाली घाम. ती वर्गात गेली आणि काही न बोलता मैथिलीला त्याच्या मांडीवर ठेवलं, पडद्याच्या समोर, त्या हिरव्या ओळीच्या उजेडात.

उद्धवने दोन्ही हात वर उचलले, कुणी पिस्तूल रोखावं तसे. मैथिली जागी झाली. तिने त्याच्या शर्टाच्या बटणाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि पाय झाडले. एकदा, दोनदा, मग झाडतच राहिली.

"लय हलती ही," तो म्हणाला.

पडद्यावरची ओळ तशीच होती. लीलाने ती बंद केली नाही आणि त्यानेही केली नाही. पोर मांडीवरून घसरू लागली तसे त्याचे हात खाली आले. अवघडलेले, कोपरात ताठ.

"मान," लीला म्हणाली. तिचे स्वतःचे हात पुढे आले होते, ते तिने पदरात घट्ट धरून ठेवले. "अहो, मानेखाली हात घाला. मान अजून कच्ची आहे तिची."